पाठमोरी

वल्हवणारा माणूस पाठमोरा पुढे जातो.
मागे सुटतं ते सगळं त्याच्या डोळ्यांसमोर:
क्लबचं हिरवं दार, धक्क्यावर विसरलेला थर्मास,
सायकलला टेकून उभा असलेला त्यालिंग.
जिथे पोचायचं, ते मात्र मानेच्या मागे कुठेतरी.

आम्स्टेलवर पहिल्या दिवशी
त्यालिंगने मला पाण्यात उतरूच दिलं नाही.
म्हणाला, हेडविग, आधी मान वळवायला शीक.
पाच हात, एक नजर.
एकदा उजवा खांदा, एकदा डावा.
मी धक्क्यावर स्टुलावर बसून
तासभर हवा वल्हवली.
बदकं बघायला आली, थोडा वेळ थांबली, गेली.

मग नियम. त्याच्या मिशीतून थेंबाथेंबाने:
उजवा काठ सोडू नकोस, वळणावर तर मुळीच नको.
धुकं पडलं तर घरी जा, कॉफी पी.
नाव उलटली तर नावेलाच धरून राहा,
पोहता येतं हा माज गार पाण्यात टिकत नाही.
नाळेवर पांढरा दिवा.
काल लागत होता, हे सांगू नकोस मला.
मी हो हो म्हणत होते.
चव्वेचाळीसाव्या वर्षी माणूस
हो फार पटकन म्हणतो.

ऑक्टोबरात एकदा मधोमध गेले.
पाणी इस्त्री केलेलं, सकाळ अजून कुणी न वापरलेली,
आणि पहिल्यांदाच हात जमले होते,
म्हणून मोजले नाहीत.
मागून भोंगा वाजला.
लांबलचक.
मला वाटलं, दुसऱ्या कुणाला असेल.

काळी भिंत शेजारून गेली.
तिच्यावरचा गंज दिसला, एक वाळत घातलेला टॉवेल दिसला,
मग लाटेने मला लव्हाळ्यांत नेऊन टाकलं.

त्यालिंग ओरडला नाही.
त्याचीच जास्त भीती वाटली.
शनिवारी मला त्याच बार्जवर घेऊन गेला.
धक्क्याला बांधलेली होती, पोटात वाळू,
वर सुकाणूच्या खोलीत फोक्ये, तांडेल,
बोटांना डिझेल, गळ्यात चष्मा.
बस माझ्या जागी, म्हणाली.
तिची मुलगी माझीच पिवळी नाव घेऊन
समोरून वल्हवत येत होती.
दिसतेय?
दिसतेय.
आता?
दिसतेय.
आता?

नदी होती, पूल होता, पलीकडची चर्चची घंटा होती.
मुलगी नव्हती.
नाळेच्या पुढे पाण्याचा एक मोठा तुकडा
फोक्येच्या जगात नाहीच.
आणि मी त्यात महिनाभर
सुंदर हात मारत होते.

थांबायचं म्हटलं तर?
फोक्येने हनुवटीने पूल दाखवला.
आत्ता ठरवलं तर तिथे थांबेन, वाळू भरलेली असताना.
मग चष्मा पुसत म्हणाली,
भोंगा वाजवला त्या दिवशी माझे गुडघे गेले होते.
रागावले नव्हते गं. तुला वाटलं असेल रागावले.

नदी कुणाच्या बापाची नाही, हे मी अनेकदा म्हटलंय,
बहुतेक वेळा भांडताना.
ते त्या खोलीत बसून पहिल्यांदा ऐकू आलं.
ती पुढे बघते आणि तिला दिसत नाही,
मी मागे बघते,
आणि मधल्या पाण्यात
आम्हा दोघींची मिळून एक जबाबदारी तरंगते,
पिवळी, जेमतेम पंधरा किलोची.

आता नोव्हेंबर.
नाळेवर दिवा, बॅटरी आजची.
फळीवर उभा एक पोरगा, पुढ्यात त्याचा कुत्रा,
दोघंही मला बघत नाहीयेत.
आधी हाक मारते, मग बाजूने काढते.
कुत्रा भुंकतो. भुंकू दे.

वळणापाशी फोक्येची बार्ज.
चाकावरून दोन बोटं वर होतात.
हात मोकळे नाहीत माझे, मान हलवते.
त्यालिंगने पाच सांगितले होते.
मी चार हात मारते,
एक नजर.
चार हात.